हॅमॉक एक फूट वर

लोखंडी स्टँडवरचा हॅमॉक थोडा उंच करून घ्यावा, एवढंच मी ठरवलं होतं. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडलं ते ऐकून लोक मला विचारतात, "पण मुळात तुम्हाला करायचं काय होतं?" आणि विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर जे भाव असतात ते मला आवडत नाहीत.

हा हॅमॉक मला आमच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कनी दिला. फुकट. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथेच. या माणसाने बावीस वर्षांत कुणाला टाचणी उसनी दिली नव्हती. बदली झाली, घरातलं सामान कमी करायचं होतं, म्हणाले, "घेऊन जा, कोराच आहे, तुमच्या गच्चीत शोभेल." मी स्टँडचे बोल्ट तपासले, पाईप वाजवून पाहिले, कापड उजेडात धरून भोकं शोधली. काही सापडलं नाही. (खोट सापडत नाही म्हटल्यावर माझा संशय जास्तच बळावतो. रेकॉर्ड सेक्शनमध्ये एकोणीस वर्षं काढलेल्या माणसाचं असंच होतं.)

स्टँडची रचना साधी होती. जमिनीवर एक लांब पाईप, त्याच्या दोन्ही टोकांना दोन आडवे पाय, आणि दोन्हीकडून बैलाच्या शिंगांसारखे वर गेलेले दोन दांडे. दांड्यांच्या टोकाला हूक, हुकात दोऱ्या, आणि दोऱ्यांमध्ये ती कापडाची झोळी. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि स्वयंपाकघराच्या दारातून थेट एका छोट्या गच्चीत जाता येतं. पाण्याची टाकी, कपडे वाळत घालायची तार, बायकोच्या चार कुंड्या आणि आता हा हॅमॉक, एवढ्यानं गच्ची भरली.

पहिल्याच रविवारी मी त्यात आडवा झालो. पाठ आणि फरशी यांच्यात चांगली चार बोटं जागा होती. डोक्यावर आभाळ, पोटावर पेपर. आयुष्यात आपल्याला काहीतरी मिळालं असं मला वाटलं. मी बायकोला हाक मारून सांगितलं, "यात माझ्याशिवाय कुणी बसायचं नाही हं. दोऱ्या नाजूक आहेत." (हे मी काळजीपोटी बोललो होतो. दोऱ्यांच्या.)

ती दारातूनच "बरं" म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या रविवारी दोन बोटं जागा उरली होती. तिसऱ्या रविवारी मी आडवा झालो तेव्हा माझी पाठ सरळ फरशीला टेकली.

आता लोखंड काही आठवड्याला दोन बोटं खचत नाही. याचा अर्थ उघड होता. मी ऑफिसला गेल्यावर कुणीतरी माझ्या हॅमॉकमध्ये झोपत होतं.

घरात माणसं तीन. मी, बायको आणि सासरे. बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला, साडेआठला जाते ती सहाला येते. म्हणजे उरले सासरे. ते डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पंधरा दिवस म्हणून आले होते आणि आता चौथा महिना चालू होता. माझी त्याबद्दल काही तक्रार नाही. (ही तक्रार मी बायकोजवळ कधीच केलेली नाही.) पण सासरे नोकरीत होते तेव्हा वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. चौतीस वर्षं त्यांनी तराजूंच्या तळाला चिकटवलेली चुंबकं शोधून काढली. अशा माणसासमोर चहात साखर घालतानासुद्धा मी चमचा सपाट करून घेतो.

मी विषय अलगद काढला.

"बाबा, दुपारचे गच्चीत जाता का कधी?"

त्यांनी पेपर खाली केला. "का?"

"सहज. ऊन लागत असेल."

"लागत नाही."

"म्हणजे जाता?"

"म्हणजे ऊन लागत नाही." पेपर परत वर गेला. मग त्याच्या मागून आवाज आला, "काय हरवलंय का तुमचं?"

"हरवलं नाही. हॅमॉक खाली येतोय."

"स्टँड खाली येत नसतो, जावईबापू. वजन वर जातं. लॅबच्या खाली काटा आहे, चला उद्या."

मी म्हटलं, मला वेळ नाही. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. काटा दाखवायला नकार देणाऱ्या दुकानदाराकडे ते असंच पाहत असणार. त्या क्षणापासून आमच्या घरात दोन तपास सुरू झाले. मी त्यांच्यावर नजर ठेवू लागलो आणि ते माझ्यावर.

ऑफिसला निघण्यापूर्वी मी झोळीच्या बरोबर मध्यावर पेपरची घडी ठेवू लागलो, कोपऱ्याला पेन्सिलची बारीक खूण करून. संध्याकाळी घडी तिथेच असायची, पण खूण दुसऱ्या बाजूला. म्हणजे जो कोणी होता तो पेपर उचलत होता, झोपत होता आणि उठल्यावर पेपर परत ठेवत होता. हे मुरलेल्या माणसाचं काम होतं. मग चौथ्या दिवशी मी कापडाला नाक लावलं आणि मला वास आला. बामचा. हिरव्या झाकणाच्या बाटलीतला तो बाम, जो सासरे सकाळ-संध्याकाळ गुडघ्यांना चोळतात.

पुरावा मिळाला होता. पण सासऱ्यांना बोलणार कसं? भांडण व्हायला नको, आणि हॅमॉक तर मोकळा व्हायला हवा. मग मला सुचलं. हॅमॉक उंच करायचा. पाठ टेकण्याचा प्रश्न मिटेल, आणि उंची इतकी ठेवायची की बाहत्तर वर्षांचे, बाम लावलेले गुडघे तिथवर चढणारच नाहीत. एका कामात दोन कामं. कुणाला शब्दानं दुखवायला नको. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

बायकोला मी फक्त पहिलं कारण सांगितलं.

"किती वाढवणार?" तिनं विचारलं. ती पोळीचं पीठ मळत होती. मान एका बाजूला कलती धरून मळत होती, ते मी पाहिलं, पण त्याचा विचार केला नाही.

"एक फूट."

तिचे हात थांबले. "पाठ टेकते म्हणून चार इंच पुरतात. एक फूट कशाला?"

"वारा चांगला लागतो वर."

"एक फुटावर वारा बदलतो?"

"बदलतो."

तिनं पिठाचे हात परातीत झटकले. मग म्हणाली, "तुम्ही बाबांशी काही बोललात का? ते परवा मला विचारत होते, जावईबापूंची तब्येत कशी आहे म्हणून."

"काय सांगितलंस?"

"चांगली आहे म्हटलं. तर म्हणाले, ते दिसतंय."

शनिवारी मी दोन्ही दांडे बोल्ट काढून सुटे केले आणि वेल्डरकडे घेऊन गेलो. वेल्डरचं दुकान म्हणजे एक शेड, त्यात लोखंडाच्या भुशाचा थर आणि मधोमध काळा चष्मा कपाळावर चढवून बसलेला एक शांत माणूस. त्यानं दांडा हातात फिरवला, नख मारून पाहिलं.

"बारा इंच वाढवायचे," मी म्हटलं.

"आत जाड पाईप घालतो आणि बाहेरून तुकडा वेल्ड करतो. वजन किती पेलायचंय?"

"सत्तर."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कुणाचं?"

"माझं."

 त्यानं खडूनं जमिनीवर आकडा लिहिला. मी वाकून पाहिलं. नव्वद लिहिले होते.

"वर वाढवलं तर खाली पाय पण रुंद करावे लागतील," तो म्हणाला. "नाहीतर कलंडतो."

"पाय रुंद केले तर गच्चीच्या दारातून जाणार नाही. पाय राहू देत."

"मग बसणाऱ्यानं बरोब्बर मधोमध बसायचं."

"बसणारा मीच आहे. मी मधोमध बसतो."

वेल्डरनं चष्मा पुसला. "आणि बसू नये असं कोण आहे?"

"म्हणजे?"

"मागे एकानं फाटकावर दोन फूट पत्रा लावून घेतला. म्हणाला, धूळ येते. नंतर कळलं, धूळबीळ काही नाही, सख्खा भाऊ येत होता." त्यानं चष्मा डोळ्यांवर ओढला. "माझं काय जातंय? पत्रा लावला मी. उद्या या."

दुसऱ्या दिवशी मी दांडे आणून बसवले. हॅमॉक आता माझ्या कमरेला लागत होता. मी स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं, स्टुलावर चढलो, श्वास रोखून बरोब्बर मधोमध बसलो आणि सावकाश आडवा झालो. काही हाललं नाही. खाली भरपूर जागा होती, मांजर शेपटी उभी करून गेलं असतं. सासरे दारात येऊन उभे राहिले. स्टँडकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग स्टुलाकडे.

"उंच केलात," ते म्हणाले.

"हो. पाठ टेकत होती."

"अस्सं." आणि ते आत गेले. त्यांच्या त्या "अस्सं"मध्ये मला पराभव ऐकू आला.

आता एवढ्यावर शहाणा माणूस थांबला असता. पण मला त्यांचा पराभव डोळ्यांनी बघायचा होता. मंगळवारी मी अर्धी रजा टाकली. अर्जात कारण लिहिलं, "घरगुती तपासणी". बारा वाजता जिना चढलो, सासऱ्यांच्या खोलीतून घोरण्याचा आवाज येत होता तो ऐकून घेतला आणि मांजराच्या पावलांनी स्वयंपाकघरातून गच्चीत गेलो. (ऑफिसचे बूट करकरतात. म्हणून मांजराच्या पावलांनी म्हणणं तितकंसं खरं नाही.) पाण्याच्या टाकीमागे भिंत आणि टाकी यांच्यात दीड फुटाची फट आहे. त्या फटीत मी उकिडवा बसलो. बसताना पहिल्यांदा मला सासऱ्यांच्या काट्याची आठवण झाली, कारण फट दीड फुटाची असूनही मी तिच्यात मावताना आवाज झाला.

एक वाजेपर्यंत काही घडलं नाही. माझा उजवा पाय बधीर झाला. सव्वाला दार वाजलं आणि मी श्वास धरला.

गच्चीत आली ती माझी बायको.

लॅबचा पांढरा कोट अंगात, एका हातात डबा, दुसऱ्या हातात हिरव्या झाकणाची बाटली. तिनं डबा कुंडीशेजारी ठेवला. बाम मानेला लावला, डोळे मिटून, बोटांनी दाबून दाबून. मग ती हॅमॉककडे वळली आणि नुसती बघत उभी राहिली. तिची उंची पाच फुटांना जेमतेम. हॅमॉकची कडा तिच्या छातीला लागत होती. तिनं कडेवर हात टाकून जरा उडी मारून पाहिली. मग आतून स्टूल आणलं, त्यावर एक पाय ठेवून झोळीची कडा ओढली, स्टँड कलतोय असं दिसल्यावर पाय काढून घेतला. मग ती त्या स्टुलावरच बसली, दांड्याला डोकं टेकलं आणि बसल्या बसल्या झोपून गेली.

लॅब आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे. ती जेवायला घरी येते हे मला माहीत नव्हतं. सकाळपासून मायक्रोस्कोपमध्ये मान घालून बसलेलं माणूस दुपारी वीस मिनिटं आडवं होत असेल, हेही कधी मनात आलं नव्हतं. टाकीमागे बसून मी हे सगळं बघत होतो आणि मला बाहेर यायचं होतं, पण बाहेर येऊन बोलणार काय, ते सुचत नव्हतं. शिवाय उजवा पाय माझ्या ताब्यात नव्हता.

तेवढ्यात सासरे आले. (घोरणं थांबलेलं मला कळलंच नव्हतं.) हातात उशी आणि मोजायची टेप. त्यांनी उशी अलगद दांडा आणि तिचं डोकं यांच्यामध्ये सरकवली. मग टेप काढून फरशीपासून हॅमॉकपर्यंतची उंची मोजली, खिशातल्या वहीत टिपली. पाय किती रुंद आहेत तेही मोजलं. मान हलवली. आणि वही खिशात ठेवता ठेवता, मागे न वळता, हळू आवाजात म्हणाले,

"जावईबापू, बाहेर या. बूट दिसतोय तुमचा."

मी बाहेर आलो. म्हणजे एक पाय आला, दुसरा ओढून आणावा लागला. बायको जागी झाली. तिनं आधी घड्याळ पाहिलं, मग माझ्या पाठीवरचं शेवाळ.

"तुम्ही ऑफिसला नाही गेलात?"

"गेलो होतो. अर्धी रजा घेतली."

"कशासाठी?"

सासरे म्हणाले, "माझ्यासाठी. त्यांना वाटतं मी झोपतो यात."

"बामचा वास येत होता," मी म्हटलं. माझा स्वतःचाच आवाज मला बारीक वाटला.

"बाम मी नेते बाबांचा," बायको म्हणाली. "मान धरते. तुम्ही म्हणालात यात कुणी बसायचं नाही, म्हणून सांगितलं नाही. तुम्ही यायच्या आत उठून जायचे. पेपर पण होता तसा ठेवायचे." आणि मग तिनं तो प्रश्न विचारला, जो मला आजही जिना चढताना आठवतो. "बाबांना चढता येऊ नये म्हणून एक फूट केलंत?"

मी गप्प बसायला हवं होतं. पण मला चुकीच्या वेळी उत्साह येतो, हा माझा जुना दोष आहे.

"छे, छे. चढायला अगदी सोपं आहे. हे बघ, दाखवतो."

"एक पाय बधीर झालाय तुमचा," सासरे म्हणाले.

मी स्टुलावर चढलो. मधोमध बसायचं हे मला पक्कं आठवत होतं. पण बधीर पायाचं माणसाला काही कळत नाही, तो कुठे आहे हेसुद्धा. मी बसलो ते झोळीच्या कडेला. एक क्षण काहीच झालं नाही आणि मला वाटलं, जमलं. मग आख्खा स्टँड सावकाश, अगदी शांतपणे, माझ्याबरोबर कलला. झोळी उलटी होऊन माझ्याभोवती गुंडाळली गेली, मी तिच्यातून बुडावर फरशीवर आपटलो, एक दांडा कपड्यांच्या तारेत अडकला आणि तारेवरचे सगळे कपडे माझ्यावर आले. अंधारात मला सासऱ्यांचा आवाज ऐकू आला.

"पाय अठरा इंच, उंची चाळीस. पडायचाच होता. मी लिहून ठेवलंय."

बायकोनं चादर बाजूला केली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला भरून आलं. मग मला दिसलं की ती हसतेय.

डॉक्टरांनी सांगितलं, माकडहाडाला मुका मार आहे, मोडलं नाही, पण सहा आठवडे बसायचं नाही. (उभे राहा, नाहीतर पालथे झोपा, म्हणाले. हॅमॉकमध्ये पालथं झोपता येतं का, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी बायकोकडे पाहिलं.) त्या संध्याकाळी मी पालथा पडून सासऱ्यांची माफी मागितली. उशीत तोंड असल्यामुळे ती त्यांना नीट ऐकू आली नसावी, कारण त्यांनी मला ती दोनदा म्हणायला लावली. मग ते म्हणाले, "चार महिने झाले मला येऊन. तुम्ही कधी काही बोलला नाहीत. मला वाटायचं, माणूस चांगला आहे, नाहीतर काहीतरी लपवतोय. आज कळलं, दोन्ही आहे." आणि त्यांनी माझ्या कमरेला स्वतःच्या हातानं बाम लावला.

स्टँड उतरवायचं काम त्यांनीच हातात घेतलं. वेल्डर घरी आला, स्टँड पाहिला आणि मला पालथा पाहिला.

"वाढवलेले तुकडे कापून काढा," सासरे म्हणाले. "पहिल्यासारखा करा."

"पण मग पाठ टेकेल," मी आतून ओरडलो.

वेल्डर दारात आला. "पाठ कशी टेकेल? नवं कापड आणि नवी दोरी, महिनाभर सैल होत जातात. दोरीला हुकापाशी एक गाठ मारायची. कापड वर."

"नुसती गाठ?"

"एक गाठ."

"मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही पाईपचं विचारलंत," तो म्हणाला. "दोरीचं विचारलं नाहीत."

आता दुपारी सव्वाला बायको हॅमॉकमध्ये वीस मिनिटं झोपते. सासरे दारात खुर्ची टाकून बसतात आणि स्वयंपाकघरात कुणी भांडं वाजवलं की नुसतं बघतात. मी माकडहाड दुखावल्याच्या रजेवर घरीच आहे, त्यामुळे भांडं वाजवणारा मीच असतो.

कापून काढलेले बारा इंचांचे दोन पाईप वाया जाऊ नयेत म्हणून सासऱ्यांनी त्यांचे सहा-सहा इंचांचे चार तुकडे करून घेतले आणि माझ्या लिहायच्या टेबलाच्या चार पायांना खालून बसवले. म्हणजे मला उभ्यानं काम करता येईल. ही हकिगत मी त्याच टेबलाशी उभा राहून लिहिली आहे. टेबल जरा डुगडुगतं. एक पाईप आखूड कापला गेला असणार, अशी मला पहिल्यापासून शंका होती, म्हणून आज सकाळी सासऱ्यांना बोलावलं. त्यांनी टेप लावून चारही पाय मोजले, दोनदा, वहीत लिहिले आणि चष्मा काढला.

"चारही सारखे आहेत," ते म्हणाले. "वाकडे उभे तुम्ही आहात."